अठ्ठ्यांची जोडी कधी टाकायची

९ नोव्हेंबर, रविवार

अठ्ठ्यांची जोडी हातात आली, तर ती कधी टाकून द्यायची?

पुनमने आज दुपारी विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. मी संख्याशास्त्र घेऊन पास झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. भोकरला आमच्या गल्लीत आईला आता 'मॅडमची माय' म्हणतात. आणि मी काय म्हणाले, तर "ते बघावं लागतं."

साक्षी म्हणाली, "मॅडम, आमचे फिजिक्सचे सर पण हेच म्हणतात. त्यांना येत नसलं की."

वही नवीन आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. लातूरच्या एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर आहे. इथे डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहतात. माझ्या मजल्यावर सगळ्या रिपीटर, म्हणजे परीक्षा एकदा देऊन पुन्हा तयारीला बसलेल्या. रविवारी सकाळी त्यांची टेस्ट असते. टेस्ट झाली की दुपारभर नुसत्या पंख्याकडे बघत पडायच्या. ते मला बघवेना, म्हणून मी त्यांना पत्ते शिकवले. तीन पत्ती नाही. तीन पत्ती म्हटलं की दुसऱ्या दिवशी पालक दारात. नांदेडला आमचे सर संभाव्यता शिकवताना पोकरचा एक साधा प्रकार खेळायला लावायचे, तो शिकवला. पैसे लावायचे नाहीत. मेसच्या मावशींनी वाडगाभर चिंचोके दिले आहेत.

प्रत्येकीला दोन पानं झाकून मिळतात. मग मध्ये तीन पानं उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. ती सगळ्यांची. दर टप्प्याला बोली लागते, पण बोली ठरलेली. आधीच्या दोन टप्प्यांना दोन चिंचोके, पुढच्या दोनांना चार. कितीही चांगली पानं आली तरी मूठभर ओतता येत नाही. कुणी लावले की तेवढेच टाकून पुढे राहायचं, त्याला आम्ही 'बघणं' म्हणतो. वाटलं तर तेवढेच आणखी वाढवायचे, नको असेल तर पानं टाकायची. देगलूरच्या सिद्धम्माने त्याला स्वतःचा शब्द आणला आहे. तिकडे तेलुगू बोलतात, नको म्हणायला वद्दु म्हणतात. ती पानं सरकवते आणि म्हणते, "वद्दु." आता साक्षीही वद्दु म्हणते.

पुनम म्हणत नाही. ती कायम "बघते" म्हणते.

सर सांगायचे, मोठी बोली आली की माणूस घाबरून टाकतो. ठरलेल्या बोलीत त्याला टाकायला कारणच सापडत नाही. तेव्हा मी हे वाक्य परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते.

१२ नोव्हेंबर

पुनमबद्दल लिहायचं राहिलं. किल्लारीची. वडील अमृतराव, घरी बागायत, ऊस. तिचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं, दुसऱ्या वेळीही थोडक्यात. जूनमध्ये ती सामान न्यायला आली होती, तेव्हा मीच तिला थांबवलं. क्लासने आम्हाला सांगितलं होतं की चांगल्या रिपीटर मुलींशी बोला. मी बोलले. "एवढ्या जवळ येऊन सोडतेस? एकदा बघ." तिने बघितलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. शिक्षणाने माणूस उभा राहतो यावर माझा विश्वास आहे. मीच त्याचं उदाहरण आहे.

मेसमध्ये आज पुन्हा दोडका.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पुनमला खरोखर अठ्ठ्यांची जोडी आली, इस्पिकची आणि चौकटची. मध्ये उघडले राजा, गुलाम आणि चौकी.

साक्षीने दोन लावले. सिद्धम्माने चार केले. मी टाकली. पुनम म्हणाली, "बघते." पुढचं पान दुर्री. साक्षीने चार लावले, सिद्धम्माने बघितलं, पुनम म्हणाली, "बघते." शेवटी राणी आली. साक्षीने पुन्हा चार लावले. सिद्धम्मा वद्दु म्हणून मोकळी झाली. पुनमने चार चिंचोके एकेक करून मध्ये ठेवले.

साक्षीकडे राजा होता. राजांची जोडी झाली. सगळे चिंचोके तिने ओढणीत गोळा केले आणि म्हणाली, "देव देतो तेव्हा ओढणी पसरावी."

मी पुनमला विचारलं, "तुला काय वाटलं होतं, अठ्ठी येईल?"

"नाही. हरले ते मला राजा आला तेव्हाच कळलं होतं."

"मग बघितलंस कामून?"

"चारच तर होते, मॅडम."

सिद्धम्मा म्हणाली, "अक्का, ही अशीच हाय. मेसमधली भाजी नासलेली कळती, तरी ताट संपवती." सगळ्या हसल्या. पुनमही थोडी हसली. सगळ्या मला मॅडम म्हणतात, सिद्धम्मा तेवढी अक्का म्हणते. मला ते आवडतं, पण तसं मी दाखवत नाही.

२० नोव्हेंबर

अमृतराव आले होते. पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसले. कागदात गुंडाळलेली गुळाची ढेप आणि शेंगांची पिशवी घेऊन.

"मॅडम, पोरगी काय म्हणती?"

"ठीक आहे. मेहनत चालू आहे."

"ठीक म्हंजे कसं? औंदा हुतंय का न्हाई?"

मी म्हणाले, मुलगी हुशार आहे.

"हुशार हायच वो. थोडक्यात ऱ्हायलं. आता इथवर आलाव तर एकदा बघू." मग हसले. "हिच्या आईनं गावात सांगून ठिवलंय. दवाखान्याचं नाव बी ठरलंय. आता डॉक्टर तेवढा व्हायचा ऱ्हायलाय."

पुनम शेजारी उभी होती. गुळाच्या कागदाची कड ती नखाने फाडत होती, बारीक बारीक पट्ट्या. वडील म्हणाले, "खा की गं, घरचा हाय." तिने खडा तोंडात टाकला. ते गेल्यावर तिने तो हातावर काढला आणि कुंडीत टाकला. मुंग्या येतील, असं मी तिला सांगितलं.

गेल्या रविवारच्या टेस्टमध्ये तिचा नंबर खाली गेला. पण फार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खेळलो नाही. मी शिकवलं. टेस्टच्या कागदामागे लिहून आणलं होतं, कारण दोन आठवडे तो प्रश्न डोक्यात आहे आणि न येणारं उत्तर ठेवून मला झोप लागत नाही.

जोडी अठ्ठ्यांची. म्हणजे सुरुवातीला बहुतेकींच्या पानांपेक्षा बरी. पण मध्ये तीन पानं उघडली की त्यांत अठ्ठीपेक्षा मोठं पान नसणं फार क्वचित. तिसरी अठ्ठी येणं आठ-नऊ डावांत एकदा. तिथे आली नाही, तर पुढच्या पानाला सत्तेचाळीस पानांत दोन. मग काय करायचं? समोर एकटीच बोलत असेल तर बघायला हरकत नाही, ती थापही मारत असेल. पण एकीने लावलं आणि दुसरीने वाढवलं, तर टाकायची. दोघी मिळून थाप मारत नाहीत.

साक्षीने हे वहीत उतरवून घेतलं. जीवशास्त्राच्या वहीत.

पुनम कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे दुर्रीची जोडी असती तर बरं झालं असतं. पहिल्यांदाच टाकली असती."

मी म्हणाले, अगदी बरोबर. वाईट पानं सोपी असतात. एकदम चांगली पानंही सोपी असतात.

"आणि टाकली की संपलं?"

"त्या डावापुरतं संपलं."

"मग दुखत नाही?"

"पहिल्यांदा दुखतं. मग सवय होते," मी म्हणाले.

तिने मान हलवली. इतक्या लवकर समजणारी मुलगी परीक्षेत का अडकते कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पुनमने आज चार वेळा पानं टाकली. एकदा तर नव्व्यांची जोडी, समोर एक्का आणि राणी, साक्षी आणि मी दोघी बोलत होतो. अगदी शिकवलं तसं. शांतपणे सरकवली आणि म्हणाली, "वद्दु."

सिद्धम्माने टाळी वाजवली. "आता झाली ही देगलूरची."

मला अभिमान वाटला. मी शिकवलेलं कुणीतरी तंतोतंत केलं, असं या नोकरीत पहिल्यांदाच झालं.

ती रडायचीही थांबली आहे. मागच्या महिन्यापर्यंत टेस्टच्या निकालाला बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आज निकाल लागला, नंबर आणखी खाली होता, आणि तिने केस विंचरले.

४ डिसेंबर

थंडी वाढली. पुनमने तिचा नवा स्वेटर साक्षीला दिला. "मला उकडतं," म्हणाली. घड्याळ सिद्धम्माला दिलं, गजराचं. स्वतः कधी उठते मग, मी विचारलं. जाग असतेच, म्हणाली.

दुपारी माझ्या खोलीत आली, उभ्याउभ्याच.

"मॅडम, मधेच कुणी नसलं तर त्याचं सामान घरी कोण नेऊन देतं?"

"पालक येऊन नेतात. नाहीतर मी पोचवते. का?"

"असंच. ट्रंक जड आहे माझी."

तिने पुस्तकांवर नावं घातली आहेत, चादरी धुऊन घड्या करून ठेवल्या आहेत. माझ्या मजल्यावर सगळ्यात व्यवस्थित मुलगी हीच. बाकीच्यांच्या खोल्यांत पाय ठेववत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आईचा फोन आला होता. माझ्या परीक्षेचं काय झालं विचारत होती. तलाठ्याची. मी म्हणाले, अभ्यास चालू आहे. ती पुस्तकं दसऱ्यापासून उघडलेली नाहीत. आई म्हणाली, "एकदा बघ बाई, तुझ्या बापाला लई आस हाय." मी म्हणाले, बघते.

फोन ठेवल्यावर मला काही वाटलं नाही. वाईटही नाही. पोटात भूक नसते तसं. पुनमला थंडी वाजत नाही, ते असंच असेल का, असा विचार आला, आणि मेसची घंटा झाली.

क्लासच्या सरांनी बोलावलं होतं. पुढच्या वर्षाच्या रिपीटर बॅचची जाहिरात फेब्रुवारीपासून आहे. "तुमच्या मजल्यावरच्या आठ-दहा जणी तर नक्की," ते म्हणाले. "ती किल्लारीची, तिला धरून चाला."

मुलींची परीक्षा अजून मेमध्ये आहे. मी तसं म्हणाले नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

सिद्धम्मा पानं वाटत होती. पुनमच्या पुढ्यात दोन पानं पडली. तिने ती उचलली नाहीत. कोपराही वर केला नाही. दोन बोटांनी मध्ये सरकवली.

"वद्दु."

"अगं, बघ तरी आधी," साक्षी म्हणाली.

"नको."

"पुनम, एक्के असतील," सिद्धम्मा म्हणाली. "राणीसरकार, फुकटात मिळालेलं तरी बघावं माणसानं."

"असू दे."

सिद्धम्मा ती पानं उलटायला गेली. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती पानं कोणती होती हे मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. मी ती गड्डीत मिसळली. पुढच्या डावालाही तिने तेच केलं. तिसऱ्यालाही. ती आमच्यात बसली होती, पाठ ताठ, आणि समोर आलेलं न बघता परत करत होती.

मी शिकवलं होतं ते असं नव्हतं. पान बघायचं, मधलं बघायचं, समोरच्यांचं ऐकायचं, मग टाकायचं. हिला टाकायचं तेवढंच उरलं होतं.

मी खोलीत आले आणि ही वही मागे उलटली. ४ डिसेंबरचं पान वाचलं. 'व्यवस्थित मुलगी' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. स्वेटर, घड्याळ, ट्रंक, सामान. सगळं मीच लिहिलं आहे, ओळीने, तारखेसकट. फक्त वाचलं नव्हतं.

तिच्या खोलीत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती.

"पुनम, त्या दिवशी कुणाचं सामान पोचवायचं होतं?"

बाहेर कुणीतरी बादली आपटली. ती म्हणाली, "माझं."

"आणि तू कुठे असणार होतीस?"

तिने चादरीची घडी पुन्हा सारखी केली. मग मी सरळ विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का. हा शब्द तोंडातून काढायची मला भीती वाटत होती, पण काढल्यावर तिचा खांदा थोडा खाली आला.

"रोज नाही," ती म्हणाली.

"फार दुखतं का?"

"दुखलं असतं तर बरं. काहीच वाटत नाही, मॅडम. तेच नको झालंय."

मी तिला कवेत घेतलं नाही. मला ते जमत नाही, आमच्या घरात कुणी घेत नाही. मी तिची गादी उचलली आणि माझ्या खोलीत माझ्या गादीशेजारी टाकली. साक्षी आणि सिद्धम्माला सांगितलं की ही एकटी राहणार नाही. साक्षी फक्त म्हणाली, "स्वेटर मी घ्यायलाच नको होता."

१६ डिसेंबर

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या डॉक्टर, बाई आहेत. पुनमशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग मला आत घेतलं. म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही, आणि औषधाने, माणसांनी बरा होतो. गोळ्या दिल्या. एकटं सोडायचं नाही. घरच्यांजवळ न्या, आणि घरच्यांना खरं सांगा. परीक्षेचा विषय सध्या बंद.

पुनम बाहेर येताना म्हणाली, "त्यांनी मला नंबर विचारला नाही."

आज सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, डॉक्टरांचं नाव विचारलं, काळजी केली. मग म्हणाले, "शुक्रवारी येळवसची सुट्टी आहेच. घरी पाठवा. चार दिवस राहील, आईच्या हातचं खाईल. फक्त सामान हलवू नका."

"सामान?"

"गादी, ट्रंक राहू द्या. जागा अडवून ठेवू तिची. सामान हललं की पोरगी परत येत नाही. आणि एकीचं हललेलं दुसऱ्या बघतात. वडिलांना सांगा, विश्रांतीला पाठवतोय. जानेवारीत या, मग बघू."

मी म्हणाले, डॉक्टर बाईंनी परीक्षा बंद सांगितली आहे.

"मी कुठं परीक्षा म्हणालो? सामान म्हणालो." मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मंजुश्री मॅडम, रेक्टरनं दारं बघायची. निकाल आम्ही बघतो."

मी "बरं" म्हणाले. जिना उतरताना लक्षात आलं की मी "बरं" म्हणाले आहे.

१७ डिसेंबर

चारच तर चिंचोके. एक ट्रंक, एक गादी, पुस्तकांची दोन पोती, जानेवारीपर्यंत. कुणाचंच त्यात काही जात नाही. म्हणून तर टाकायला कारण सापडत नाही.

मी जूनमध्ये तिला एक बोली लावायला लावली. वडिलांनी नोव्हेंबरमध्ये एक. आता सर एक म्हणतात. प्रत्येकाची ठरलेली, छोटी, परवडणारी. मोठी कुणीच लावली नाही.

ट्रंक बांधायला सिद्धम्माकडे दोरी मागितली.

२० डिसेंबर, किल्लारी

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. लातूर सकाळीच रिकामं झालं होतं, दुकानांना कुलपं, रस्त्यावर कुत्री. सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं. भोकरला आमच्याकडे येळवसचं एवढं नसतं, मी हे इथे येऊन पाहिलं. जीपवाला म्हणाला, आज किल्लारीला जाणारी ही शेवटची, नंतर मी पण माझ्या रानात जाणार.

सिद्धम्मा आणि साक्षीने सामान टपावर चढवून बांधलं. सिद्धम्माने गजराचं घड्याळ पुनमच्या पिशवीत कोंबलं. "हे मला वद्दु. ह्याच्या आवाजानं मी मरते." मग जीभ चावली. पुनमने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं, मला दे मग." साक्षीने स्वेटर स्वतःच्या हाताने तिच्या अंगात चढवला, लहान मुलाला घालतात तसा.

मजल्याच्या किल्ल्या मी वॉचमनकाकांजवळ दिल्या. सरांसाठी एका ओळीची चिठ्ठी. काका म्हणाले, "मॅडम, किल्ल्या सोमवारी देतो परत." मी म्हणाले, मला नका देऊ.

अमृतरावांचं रान रस्त्यालगतच आहे. ज्वारी कमरेला आलेली. कडब्याची कोप घातलेली, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही अडवून जेवायला बसवत होते. मला तर कुणी विचारलंच नाही, थेट हातात भाकरी आणि तिच्यावर भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगांची घट्ट भाजी. लक्ष्मीबाईंनी, पुनमच्या आईने, तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग केसांवरून. हातात आलेल्या केसांकडे बघत राहिल्या. मग ते पदरात पुसले आणि तिला आंबिलीचा तांब्या दिला.

अमृतराव जीपकडे बघत होते.

"मॅडम, हे समदं कामून आणलं? चार रोजासाठी गादी कशाला?"

मी त्यांना बांधावर नेलं आणि सांगितलं. डॉक्टर बाईंनी जे सांगितलं ते सगळं, शब्द न बदलता. आजार, गोळ्या, एकटं सोडायचं नाही. तिने मला जे सांगितलं ते. आणि जूनमध्ये मी तिला काय म्हणाले होते ते.

ते म्हणाले, "आम्हाला तर ठीक हाय म्हणाला हुतात."

"हो. म्हणाले होते."

"क्लासचे सर काय म्हणतेत?"

"सामान राहू द्या म्हणतात. जानेवारीत बघू म्हणतात."

"आन् तुमी?"

"मी तुम्हाला बघू म्हणणार नाही. मी सामान आणलं आहे."

ते खाली बसले, ढेकळावरच. ज्वारीचं पान उकलायला लागले. मला वाटलं, आता रागावतील. म्हणाले, "भूकंपात घर गेलं तवा मी नववीत. सरकारनं नवं गाव दिलं, तकडं गेलाव. आमचा म्हातारा जुन्या घराची किल्ली करदोट्याला बांधून हिंडायचा. घर न्हाई, दार न्हाई, किल्ली. कुनी इचारलं की म्हनायचा, बघू, जाऊ परत. मरस्तवर. किल्ली काढाया गेलाव तर कातड्याला वळ पडल्याला."

मी त्यांच्याशेजारी ढेकळावर बसले.

कोपीजवळ पुनम आंबील पीत होती. अर्धा तांब्या झाला, मग थांबली, मग आईने काही न बोलता पुन्हा भरला. ती बरी झाली आहे असं नाही. तिचा चेहरा अजून तसाच आहे. मी तिच्याकडे बघत होते आणि मलाही फार काही वाटत नव्हतं. मी तलाठ्याची परीक्षा देणार नाही, हे आईला कालच फोनवरून सांगितलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

अमृतराव उठले, धोतराची माती झटकली आणि जीपवाल्याला ओरडले, "व्यंकटा, सोड दोर. उतरव."

गादी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. पोती व्यंकटने नेली. ट्रंक टपाच्या कडेला राहिली. पुनम तांब्या ठेवून आली. म्हणाली, "मॅडम, जड आहे, सांगितलं होतं ना."

अठ्ठ्यांची जोडी कधी टाकायची, याचं पुरतं उत्तर मला अजूनही देता येत नाही. सामान कोण नेऊन देतं, असं तिने विचारलं होतं. मी पोचवलं. ट्रंकेची एक कडी माझ्या हातात होती, दुसरी तिच्या.